भुकेनंतरचा घास

जळकोट हे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचे नसेल. लातूर जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यात, नांदेड जिल्ह्याच्या शिवेला लागून, बालाघाटाच्या टेकड्यांमध्ये हे गाव वसले आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथे निजामाचा अंमल होता. पुढे कित्येक वर्षे ते उदगीर तालुक्यात मोडत असे आणि १९९९ मध्ये त्याचा स्वतंत्र तालुका झाला. मुरमाड जमीन, पावसाच्या भरवशावरची ज्वारी आणि तूर, आणि काही वर्षांच्या अंतराने हमखास येणारे अवर्षण ही या भागाची जुनी ओळख. मागे एकदा एका परिचित कुटुंबाकडे तेथे आमचा दोन दिवस मुक्काम झाला. प्रस्तुत लेखाचे बीज त्या घरात पडले.

घरातील आजोबांना सारे आबा म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात ते ऐन विशीत होते. सकाळी खडी फोडावयास जायचे, कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे राबत होती; त्यांतले हे एक. त्या दिवसांविषयी बोलताना आबांनी एक गोष्ट सांगितली, जी आम्ही दुष्काळावरील कोणत्याही अहवालात वाचली नव्हती. "उपाशी पोटाला कळ यायची, ते ठीक हाय. पण पुढल्या साली ज्वारी घरात आली, पोटभर भाकर खाल्ली, तव्हा त्याच्या दुप्पट कळ आली. माझी माय म्हणायची, आधी कण्या खा, मग भाकर."

त्याच वेळी, त्याच पंगतीत, त्यांची नात ताटासमोर बसली होती. दोन वर्षे ती लातूरला वसतिगृहात राहून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करीत होती. 'लातूर पॅटर्न'ने मराठवाड्यातील किती मुलांना मार्गी लावले हे सर्वश्रुत आहे. त्या दिनक्रमात किती मुलांचे जेवण हरवले याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही. मुलगी काडीसारखी झाली होती. दोन घास पोटात गेले की पोट फुगे, दुखे, अन्न घशाशी येई, चार-चार दिवस शौचास होत नसे. घरच्यांनी ओवा दिला, हिंगाष्टक दिले, आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, आणि रोज रात्री सोनामुखीचे चूर्ण. शेवटी सर्व तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितले की, जठरात वा आतड्यांत मूळ रोग नाही. मुलीने महिनोन्‌महिने अन्न तोडले आहे आणि दुखणे त्यातून आले आहे. मुलीच्या आईला हे काही केल्या उमगेना. पोटाला रोग नसेल तर दुखते कशाने? आणि खाल्ल्याने दुखत असेल तर औषध म्हणून पुन्हा खाणेच कसे सांगतात?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वैद्यकाला सहजासहजी सापडलेले नाही. ते दुष्काळांच्या छावण्यांतून, युद्धांतून आणि काही अंशी आपल्या संतांच्या चरित्रांतून वेचावे लागते.

उपाशी माणसाला अन्न दिले की काम संपले, असे मानणारे राज्यकर्ते पूर्वी होते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनवर कोसळला तेव्हा मुंबई आणि मद्रास इलाख्यांबरोबर निजामाच्या राज्यातील पश्चिमेकडचे जिल्हेही त्यात होरपळले. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, आणि एक आणा एवढीच मजुरी पुरे ठरविली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठविला, आणि मुंबई इलाख्यात मजुरांनी कामावर बहिष्कार टाकला. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी हा शिधा जीव जगविण्यास अपुरा असल्याचे सरकारला ठासून सांगितले. त्याच मद्रासमध्ये डॉ. अलेक्झांडर पोर्टर यांनी दुष्काळात मेलेल्यांची शवविच्छेदने केली आणि १८८९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. उपासमारीत माणसाचे केवळ मांस झडत नाही, आतडीही झडतात, त्यांची भिंत पातळ होते, हे त्या नोंदींतून दिसते. अन्न पचविणारा अवयवच अन्नावाचून क्षीण होतो. मग त्या क्षीण अवयवावर एकदम भाकरीचा भार टाकला तर तो कण्हणारच. आबांच्या आईला पोर्टर ठाऊक नव्हते. कण्या ठाऊक होत्या.

हे शहाणपण फार जुने आहे. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमला वेढा दिला, त्याचे वर्णन इतिहासकार जोसेफस याने केले आहे. शहरातील उपाशी माणसे रोमन छावणीकडे पळून येत, मिळेल ते अन्न अधाशासारखे खात आणि तेथेच प्राण सोडीत. वाचत ते फक्त भुकेला आवर घालून थोडेथोडे खाणारे, असे तो लिहितो. आपल्याकडील पारण्याच्या प्रथेतही हेच ज्ञान दडलेले आहे. लांब उपवासानंतर कोणी पुरणपोळीवर हात मारीत नाही. पेज, मुगाचे पाणी, मऊ भात, ताक असा क्रम असतो. गांधीजींनी १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सोडले ते संत्र्याच्या रसाने.

तरीही विसाव्या शतकात या धड्याचा विसर पडला आणि त्याची किंमत भयंकर होती. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्याने जर्मनीतील बेर्गेन-बेल्सेनची छळछावणी मुक्त केली. आत हजारो हाडांचे सापळे जिवंत होते. सैनिकांनी दयेपोटी आपल्याजवळचे डबाबंद मांस आणि चरबीयुक्त अन्न वाटले. ते खाऊन अनेकजण मेले. टायफस आणि क्षय यांनीही बळी घेतलेच. पण मुक्तीनंतर त्या छावणीत सुमारे चौदा हजार माणसे दगावली, यातील काही मृत्यू निव्वळ अन्नाने घडविले. तेव्हा डॉक्टरांना भारताची आठवण झाली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात उपासमारीच्या रुग्णांसाठी तांदूळ, साखर आणि दुधाची भुकटी यांचे एक पातळ मिश्रण योजले होते. 'बंगाल दुष्काळ मिश्रण' याच नावाने ते बेल्सेनला पोहोचले. पूर्व युरोपातील रुग्णांना ते अतिगोड वाटे, पुष्कळांनी ते नाकारले, आणि मग गोडी कमी करून ते पाजावे लागले. बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसे मेल्यावर शिकलेला पाठ असा युरोपात उपयोगी पडला. हा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही, याचे आम्हांला नेहमी नवल वाटते.

अन्नाने माणूस मरतो तो कसा, हे आता नीट कळले आहे. उपासमारीत शरीर चरबीवर आणि स्नायूंवर जगते. अचानक पिष्टमय अन्न आले की इन्शुलिन वाढते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही द्रव्ये पेशींत खेचली जातात. रक्तात ती इतकी उतरतात की हृदयाची लय बिघडते, श्वास थांबतो. म्हणून ज्याचे वजन फार उतरले आहे, किंवा ज्याच्या पोटात कित्येक दिवस जवळजवळ काहीच गेलेले नाही, त्याचे खाणे घरच्या घरी भराभर वाढवावयाचे नसते. ते रुग्णालयात, रक्ताच्या तपासण्या करीत सुरू करावे लागते. तीव्र कुपोषित बालकांना पोषण पुनर्वसन केंद्रात प्रथम 'एफ-७५' हे कमी उष्मांकाचे दूध आणि मागाहून सकस 'एफ-१००' देतात, त्यामागे हेच कारण आहे.

परंतु जळकोटच्या त्या मुलीसमोर दुष्काळ नव्हता. ताट वाढलेले होते. स्वतःहून न खाणाऱ्या माणसाचे पोट आणि दुष्काळात सापडलेल्याचे पोट एकच, हे कशावरून?

याचा पुरावा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मिळाला. १९४४ च्या नोव्हेंबरपासून डॉ. अँसेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण युद्धात शस्त्र धरण्यास विवेकबुद्धीने नकार देणारे, बहुतेक क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरन अशा शांतिवादी ख्रिस्ती पंथांतले होते. युद्धानंतर उपाशी जगाला कसे जेवू घालावे हे कळावे म्हणून त्यांनी आपली शरीरे देऊ केली. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले. आणि मग जे दिसले ते विलक्षण होते. मनाने धडधाकट असलेले हे तरुण अन्नाखेरीज दुसरे काही बोलेनात. कोणी पाककृतींची पुस्तके जमवू लागला, कोणी एकेक घास तासभर चघळू लागला, कोणी ताटे चाटू लागला. चिडचिड, उदासी, थंडी वाजणे, पोटाच्या तक्रारी हे सारे उपासमारीने आणले. पुन्हा जेवण वाढविल्यावर काहींना पोट तडस लागेतो भरूनही समाधान होईना, आणि पूर्ववत होण्यास अनेकांना महिनोन्‌महिने लागले. कीज यांचा द्विखंडी ग्रंथ १९५० मध्ये निघाला. 'हिला नाटके सुचतात', 'हिचे मनच विचित्र झाले आहे', असे आपण ज्या मुलीबद्दल म्हणतो, तिच्या वागण्याचा केवढा तरी भाग नुसत्या भुकेने घडविलेला असतो, हे त्या छत्तीस जणांनी दाखवून दिले.

उपाशी पोटात नेमके काय होते? जठराची हालचाल मंदावते. जे अन्न दोन-तीन तासांत पुढे सरकावे ते तेथेच रेंगाळते. म्हणून दोन घासांत पोट गच्च वाटते, फुगते, मळमळते. मोठे आतडेही सुस्त होते, आणि मुळात आत गेलेलेच थोडे, म्हणून मलावरोध. ही वेदना खरी असते, कल्पित नसते. पण ती रोगाची खूण नसून सुस्तावलेल्या यंत्राची कुरकुर असते. नियमित अन्न मिळू लागले की काही आठवड्यांत जठर आणि आतडी बहुधा पूर्वपदावर येऊ लागतात. त्या मधल्या आठवड्यांतच माणूस धीर सोडतो. खाल्ले की दुखते, म्हणून खात नाही. खात नाही म्हणून जठर आणखी मंदावते.

या चक्राचे वर्णन सर्वप्रथम पॅरिसच्या डॉ. शार्ल लासेग यांनी १८७३ मध्ये केले. त्यांच्या रुग्ण मुलींच्या दुखण्याचा आरंभच जेवणानंतरच्या अस्वस्थतेने होई. मुलगी ठरवी की थोडे कमी खाल्ले तर बरे वाटेल; मग आणखी कमी, मग एकेक पदार्थ वर्ज्य. त्याच वर्षी लंडनचे सर विल्यम गल यांनी अशाच रुग्णांची हकीकत वैद्यांच्या सभेत मांडली आणि आज रूढ असलेले 'अनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव पुढच्या वर्षी छापले. त्यांच्याही पूर्वी, १६८९ मध्ये, रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने क्षयरोगावरील ग्रंथात एका अठरा वर्षांच्या मुलीची गोष्ट लिहिली होती. ती झिजत चालली होती, पण खोकला नाही, ताप नाही. मॉर्टनने तिच्या पोटावर सुगंधी औषधांच्या पुरचुंड्या बांधल्या, लेप लावले, कडू काढे दिले. औषधांना कंटाळून तिने ती सोडली आणि काही महिन्यांत ती मूर्च्छा येऊन मेली. सव्वातीनशे वर्षांपूर्वीचा हा वैद्य जे करीत होता तेच जळकोटच्या घरात ओव्याने आणि हिंगाष्टकाने चालले होते, हे वाचताना मन चरकते. एवढे मात्र खरे की मॉर्टनने क्षयाचा विचार आधी केला, तो योग्यच. आपल्या भागात झिजणाऱ्या तरुण माणसाचा क्षय, आतड्यांचा क्षयसुद्धा, तपासल्यावाचून पुढे जाऊ नये.

आशियातील मुली जाडीच्या भीतीपेक्षा पोटाचीच तक्रार अधिक सांगतात, हेही आता नोंदले गेले आहे. हाँगकाँगचे डॉ. सिंग ली यांनी १९९३ मध्ये सत्तर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना लठ्ठ होण्याची भीती नव्हतीच, कित्येकांचे म्हणणे पोट फुगते एवढेच होते. आपल्या घरांत 'पित्त झाले', 'गॅस धरला' या शब्दांआड असे दुखणे वर्षानुवर्षे लपून राहते.

आणखी एका शब्दाआडही ते लपते. तो शब्द आहे उपवास, आणि येथे आम्हांला आपल्या धर्मपरंपरेकडे वळणे भाग आहे. सिएनाची संत कॅथरीन १३८० मध्ये तेहतिसाव्या वर्षी वारली. अखेरच्या वर्षांत तिच्या पोटात अन्न ठरत नसे, खाल्ले की यातना होत, आणि ती ते ओकून टाकी, असे तिचे चरित्रकार व पापनिवेदक कापुआचे रेमंड सांगतात. रुडॉल्फ बेल या इतिहासकाराने १९८५ मध्ये अशा संत स्त्रियांच्या उपवासाला सरळ अनोरेक्सियाचे नाव दिले. कॅरोलिन बायनम या विदुषीने दोन वर्षांनी त्याला मुरड घातली आणि त्या काळातील स्त्रियांच्या भक्तीत अन्नाला निराळाच अर्थ होता हे दाखविले. आम्हांला बायनम अधिक पटतात. सहाशे वर्षांपूर्वीच्या संताला रुग्णाचा कागद चिकटविणे सोपे आहे. मात्र एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य व्हावी. कॅथरीनला तिच्या पापनिवेदकाने रोज काहीतरी खाण्याची आज्ञा केली होती. तिचा उपवास पाहून आसपासचे धर्मगुरू निव्वळ कौतुक करीत नव्हते. ते धास्तावलेही होते.

संत इग्नेशियस लोयोला यांचे उदाहरण याहून बोलके आहे. मन्रेसा येथे १५२२–२३ मध्ये त्यांनी कठोर तप केले. एकदा तर पूर्ण आठवडा अन्नाचा कण घेतला नाही आणि पापनिवेदकाने बजावल्यावरच तो उपवास मोडला. त्यानंतर पोटदुखीने त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही. १५५६ मध्ये ते वारल्यावर प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ रेआल्दो कोलंबो यांनी शवविच्छेदन केले तेव्हा शरीरात अनेक खडे आढळले. म्हणजे दोष सगळा उपवासाचा नव्हता. परंतु स्वतः इग्नेशियस यांनी आपल्या तपाचा धडा घेतला होता. गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जा उपवासांनी खंगत चालले आहेत हे कळताच १५४८ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी बोर्जांना लिहिले की उपवास आवरा, जठर आणि देहाची शक्ती जपा. पुढे संतपदाला पोहोचलेल्या माणसाला दुसऱ्या संताने पाठविलेले हे पत्र प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी आपल्या धर्मग्रामांत वाचून दाखवावे असे आम्हांला फार वाटते. आजच्या धर्मनियमाप्रमाणे राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवशी उपवासाचे बंधन आहे, तेही अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसांना, आणि आजाऱ्याला नाही. ज्या मुलीचे जेवण आधीच तुटले आहे तिला ही सूट नुसती ठाऊक असून भागत नाही. कोणीतरी ती तिला स्पष्ट सांगावी लागते. याइराच्या मुलीला उठविल्यावर प्रभू येशूने तिला काही खावयास द्या असे सांगितल्याचे मार्क नमूद करतो, आणि बारा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ती सूचना आम्हांला किरकोळ वाटत नाही.

असो. पोटाकडे परत येऊ. इतिहासाने शिकविलेले उपचार दिसावयास अगदी साधे आहेत. तीन मोठ्या जेवणांऐवजी थोडेथोडे पाच-सहा वेळा, ठरल्या वेळी, भूक लागो वा न लागो. कारण उपाशी शरीराची भूक-तृप्तीची घंटा बिघडलेली असते, तिच्या भरवशावर राहता येत नाही. आरंभी मऊ भात, खिचडी, कण्या, दही, दूध, तूप, केळे. कच्च्या काकडी-कोबीची ताटली आणि भरपूर कोंडा हे एरवीचे आरोग्यदायी पदार्थ मंदावलेल्या जठराला जड जातात; थोडक्यात पोट भरून टाकतात आणि बळ देत नाहीत. सोडावॉटरने पोट अधिक फुगते. जेवल्यावर पोटावर गरम पाण्याची पिशवी आणि कोणीतरी गप्पा मारीत शेजारी बसणे, याने बरेच निभते. काही काळ डॉक्टर जठराला चालना देणारी गोळी देतात, ती त्यांच्याच सल्ल्याने.

रेचकांविषयी मात्र कडक बोलले पाहिजे. सोनामुखी घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी नाही. रेचकाने अन्नातील उष्मांक फारसे जात नाहीत, कारण ते लहान आतड्यात आधीच शोषले गेलेले असतात. जाते ते पाणी आणि पोटॅशियम. फार दिवसांची सवय एकदम थांबविली की अंगावर सूज येते, वजन काट्यावर वाढलेले दिसते आणि मुलगी घाबरून पुन्हा चूर्णाकडे वळते. ही सूज काही दिवसांत उतरते हे आधीच सांगून ठेवावे लागते. खाऊन ओकणाऱ्यांचे दुखणे आणखी निराळे. डॉ. जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याला 'बुलिमिया नर्व्होसा' हे नाव दिले. जठरातील आम्लाने दातांचे कवच झिजते, गालांतल्या लाळेच्या ग्रंथी सुजतात, छातीत जळजळ होते. ओकारीत रक्त दिसले, छातीत धडधड होऊन घेरी आली, किंवा पुष्कळ खाल्ल्यावर पोट ताठ होऊन असह्य दुखू लागले, तर घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे.

आणि भरवावयाचे कोणी? सर विल्यम गल यांचे मत होते की अशा रुग्णाची शुश्रूषा करण्यास नातेवाईक सर्वांत नालायक. शंभर वर्षे वैद्यकाने ते मानले. मुलींना घरापासून तोडून दूर ठेवले. मग लंडनच्या मॉड्‌स्ली रुग्णालयात रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट वाट धरली. आईबापांना दोष देण्याचे थांबवून त्यांच्याच हाती मुलीच्या जेवणाची सूत्रे दिली, आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी वयाच्या, नुकत्याच आजारी पडलेल्या मुलींना त्याने अधिक गुण आल्याचे दिसले. मनोविकारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि वैद्य यांची साथ हवीच. पण दिवसातून सहा वेळा ताटाशी बसणे घरच्या माणसालाच जमते.

जळकोटला दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघण्याच्या तयारीत होतो. आबांनी स्वतः चुलीवर ज्वारीच्या कण्या शिजविल्या, त्यात ताक आणि मीठ घातले, आणि लहानशी वाटी नातीपुढे ठेवली. "खा गं माय. दुखंल. मलाबी दुखलं व्हतं. आठ-पंधरा दिस दुखतं, मग सोडतं." मुलीने आमच्याकडे पाहिले नाही. अर्धी वाटी खायला तिला पाऊण तास लागला, आणि आबा तेवढा वेळ १९७२ च्या गोष्टी सांगत तेथेच बसून राहिले.

त्यानंतर तिच्या आईचे दोनदा बोलणे झाले. लातूरच्या डॉक्टरांकडे जाणे-येणे चालू आहे. पोट अजून काही दिवशी फुगते, जेवण काही दिवशी अर्धेच होते. सोनामुखीची बरणी धुऊन आबांनी तिच्यात पेरणीसाठी तूर भरून ठेवली आहे.